एका वऱ्हाडाचे दशक

एखाद्या दशकातील लोकरंजन ऐन भरास केव्हा आले, हे बोट ठेवून सांगता येते काय? १९८० नंतरच्या दहा वर्षांविषयी हा प्रश्न केला, तर पुष्कळांचे उत्तर तयार असते. १९८२ साली दूरदर्शनवर रंग अवतरले. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडू लागले. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते साऱ्या हिंदुस्थानचे उत्तर होय. देशभर पसरलेली लाट आपल्याही उंबऱ्याशी आली, इतकेच. मराठी माणसाने स्वतःचे म्हणून त्या दशकात काय घडविले, असे कोणी विचारील, तर मी त्याला छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेस, घेऊन जाईन.

तेथील विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकविणारे प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा आपला एकपात्री प्रयोग १९७९ च्या सुमारास रंगभूमीवर आणला. वऱ्हाड म्हणजे येथे अमरावती-अकोल्याकडील प्रांत नव्हे, लग्नास निघालेली मंडळी! कथा तर चार ओळींची. खेड्यातील मुलाचे लग्न विलायतेत ठरते, आणि ज्यांनी विमान केवळ आभाळातच पाहिले होते अशी माणसे त्यात बसून लंडनला निघतात. म्हातारे, तरुण, बायका, पोरे अशी बावन्न पात्रे, आणि ती सारी उभी करणारा नट एकच. गिनीज बुकाने पुढे या गोष्टीची नोंद घेतली. मला मात्र ५२ या आकड्याचे फारसे अप्रूप वाटत नाही. आकडा हा कसरतीचा हिशेब झाला; कला त्याच्या पलीकडे असते.

एकपात्री प्रयोग मराठीला नवा होता असेही नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगविली होती. परंतु ती चाळ मुंबईची होती, आणि प्रेक्षक चाळीच्या सावलीतच वाढलेले होते. खेडेही मराठी रसिकास अपरिचित नव्हते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने त्याने पोट धरून हसावे, असे पूर्वीच घडले होते. मात्र पुण्या-मुंबईच्या कानास जी ग्रामीण बोली ठाऊक होती, ती बहुतांशी सातारा, सांगली, कोल्हापूर, पंढरपूर या बाजूची. मराठवाड्याची बोली तिच्याहून वेगळी. पुणेकर ‘मी येतो आहे’ म्हणतो, तेथे आमच्याकडचा मनुष्य ‘मी यायलो’ म्हणतो. शिवाय १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. कचेरीत व शाळेत उर्दूचे राज्य. त्या उर्दूचे आणि दखनीचे शब्द येथल्या मराठीत असे मुरले, की बोलणारास ते परके आहेत याची शंकाही येऊ नये. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला खरा. पण भाषेच्या पंक्तीत त्याचे पान शेवटीच मांडले गेले. शिकावयास पुण्यास गेलेला आमचा मुलगा पहिले वर्षभर तोंड मिटून राही, तो काय उगाच?

या प्रयोगाने ती मिटलेली तोंडे उघडली, हे मला त्यातील खरे मर्म वाटते. त्यातली माणसे आपल्या बोलीबद्दल कोणाची क्षमा मागत नाहीत. विमानात, परदेशी भूमीवर, गोऱ्या व्याह्यासमोर ती जशीच्या तशी बोलतात, आणि अवघडते ते जग, ही माणसे नव्हेत. श्रोता प्रथम त्यांना हसतो. घटकाभराने त्यांच्याबरोबर हसू लागतो. या दोन हसण्यांतील अंतर नटाने तोलून धरावयाचे, आणि तोल थोडा ढळला की त्याचा तमाशा होतो. देशपांडे यांनी तो वर्षानुवर्षे सांभाळला.

काळही त्यांना अनुकूल होता. त्याच वर्षांत ध्वनिफितींचा सुकाळ झाला. साठ-नव्वद मिनिटांची फीत स्वस्त, आणि तिची नक्कल त्याहून स्वस्त. ज्या नाटकाची मदार नेपथ्यावर, ते फितीत मरते. ज्याची मदार वाणीवर, ते फितीत दुणावते. अशा रीतीने नाट्यगृहाची पायरी न चढलेल्या घरांतही हे वऱ्हाड जाऊन पोचले. दूरदर्शनने जे वरून खाली आणले, ते फितीने हातोहात फिरविले. म्हणूनच या दशकाचा ऐन क्षण एखाद्या तारखेत सापडत नाही. शहरी बैठकीत ती बोली प्रथम ऐकू आली, त्या असंख्य संध्याकाळींत तो विखुरलेला आहे.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या मराठवाड्याचे हे हसरे खेडे, त्याच मराठवाड्यात २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत होताच दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तारास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. म्हणजे हे सारे दशक त्या एकाच विद्यापीठाच्या आवारात हसू आणि हुंदका शेजारी शेजारी नांदत होते. एका विनोदी प्रयोगाकडे याचा जाब मागणे न्यायाचे नव्हे. परंतु फितीवरचे खेडे ऐकून मराठवाडा कळला, असे जे शहरी श्रोते समजत, त्यांना अर्धाच मराठवाडा कळला होता.

या यशाची दुसरीही एक किंमत पडली. बोली सर्वत्र पोचली, पण पुष्कळांच्या लेखी ती विनोदाचीच होऊन बसली. त्या बोलीत कोणी दुष्काळाचे दुःख सांगू लागला, तरी ऐकणाराच्या ओठांवर आधी स्मित उमटते. हा दोष देशपांडे यांचा नव्हे, ऐकणाऱ्या कानांचा आहे.

लक्ष्मण देशपांडे २००९ साली निवर्तले. त्यांच्या पश्चात या वऱ्हाडाची वाट पुन्हा चालू करणारे नट संदीप पाठक हेही मराठवाड्याचेच. यात मला योगायोग दिसत नाही. ही बोली बाहेरच्याने घोकून बोलली, की येथल्या श्रोत्यास ती पहिल्या वाक्यालाच खटकते.