येसूबाईंचे पुढे काय झाले?

(‘छावा’ हा चित्रपट आणि त्याचा प्रेक्षक या विषयावर मालवण येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



१४ फेब्रुवारी २०२५ रोजी लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. शिवाजी सावंत यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. देशभरात त्याने सहाशे कोटी रुपयांच्या घरात व्यवसाय केला. चित्रपटाच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे, ती मी पुन्हा करणार नाही. मला बोलावयाचे आहे ते प्रेक्षकांविषयी, म्हणजेच तुमच्या-माझ्याविषयी.

मी हा चित्रपट आपल्याच जिल्ह्यातल्या एका चित्रपटगृहात पाहिला. बरोबर शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या काकी होत्या. शेवटची वीस मिनिटे कोणी जागचे हलले नाही. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतला एक शाळकरी मुलगा उभा राहून शिवगर्जना देऊ लागला आणि सारे प्रेक्षागृह उठून उभे राहिले. बाहेर पडताना बायका पदराने डोळे पुसत होत्या, पुरुष मंडळी एकमेकांची नजर चुकवीत होती. गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प असलेल्या काकींनी मला एकच प्रश्न विचारला, ‘‘मगे त्या येसूबाईचा पुढे काय झाला रे?’’

मी पत्रकारितेत तीस वर्षे घालविली आहेत. तरी त्या प्रश्नाचे नीट, सनावळीसह उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही, हे येथे प्रांजळपणे सांगतो. आजचे हे भाषण त्या प्रश्नातून निर्माण झाले आहे.

या चित्रपटावर समाजाच्या प्रतिक्रिया तीन प्रकारच्या होत्या. पहिली अश्रूंची. ती सर्वांत निर्मळ होती. दुसरी आक्षेपांची. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, जानेवारीत, झलक पाहून वाद उठला. महाराज आणि महाराणी लेझीम खेळताना दाखविले होते. अनेकांना ते रुचले नाही. दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकले. दहा वर्षांपूर्वी, २०१५ साली, ‘बाजीराव मस्तानी’मध्ये काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखविल्या, तेव्हाही असाच क्षोभ झाला होता. पुढे ‘छावा’मधील गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्यातील मंडळींनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

तिसरी प्रतिक्रिया संतापाची. भरूच येथे छळाचे दृश्य चालू असताना एका प्रेक्षकाने चित्रपटगृहाचा पडदाच फाडला. बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री विजेऱ्या घेऊन मोगलांचे सोने शोधण्यासाठी शेते खणू लागले. त्याला संताप न म्हणता लोभ म्हणावे लागेल, पण मूळ तेच, पडद्यावरचे ते समोरचे मानणे. आणि १७ मार्च रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार उसळला, संचारबंदी लागली. या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा जागा झाला, असे मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत सांगितले. राग येणे स्वाभाविक आहे. ज्याला तो येणार नाही त्याच्या काळजाविषयी शंका घ्यावी लागेल. परंतु रागाने पेटलेल्या गल्लीत जळते ते आपल्याच गावातल्या हातावर पोट असणाऱ्या माणसाचे दुकान आणि वाहन. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाला त्याची झळ पोहोचत नाही.

आपण कोकणातली माणसे या बाबतीत भाग्यवान आहोत. आपल्याला दशावताराची शाळा लाभली आहे. जत्रेत रात्रभर राक्षस आणि देव यांचे युद्ध चालते. संहिता लिहिलेली नसते, संवाद जागच्या जागी सुचतात, तरी प्रेक्षक तल्लीन होतो. राक्षसाचा वध झाला की पोरेटोरे ओरडतात. आणि पहाटे तोच राक्षस तोंडावरचा रंग पुसून त्याच प्रेक्षकांबरोबर चहा पितो. सोंग कोठे संपते हे आपल्या आज्या-पणज्यांना शाळेत न जाताही ठाऊक होते. हे शहाणपण आपण चित्रपटगृहात विसरता कामा नये.

प्रेक्षकाची दृष्टी बदलते, याचे संभाजी महाराजांएवढे मोठे उदाहरण नाही. महाराजांच्या वधानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनी देहदंड दिला होता. ती बखर बराच काळ प्रमाण मानली गेली. गडकऱ्यांच्या अपूर्ण राहिलेल्या ‘राजसंन्यास’ने तीच प्रतिमा रंगभूमीवर आणली. व्यसनी, उतावळा राजा म्हणून प्रेक्षकांच्या पिढ्यांनी महाराजांना पाहिले. त्या चित्राला तडा दिला वा. सी. बेंद्रे यांनी. अनेक वर्षे कागदपत्रे धुंडाळून त्यांनी १९६० साली महाराजांचे साधार चरित्र सिद्ध केले. त्यानंतर डॉ. कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिले. ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा राजा लोकांपुढे आला तो या परिश्रमांमुळे. सावंतांची कादंबरी आणि आजचा चित्रपट त्याच पायावर उभे आहेत. आपले अश्रू पडद्यासमोर वाहिले, पण ती वाट बेंद्र्यांच्या टाचणांमधून आलेली आहे.

आता आपल्या भूमीकडे वळू. चित्रपटात समुद्र जवळजवळ नाही. मालवणच्या प्रेक्षकाला ही उणीव जाणवली नसेल तर नवल. महाराजांच्या नऊ वर्षांच्या कारकिर्दीचा मोठा भाग या किनाऱ्याशी निगडित आहे. १६८२च्या प्रारंभी त्यांनी जंजिऱ्याला वेढा घालून खाडीत भराव टाकण्याचा उद्योग मांडला होता. १६८३च्या नोव्हेंबरात पोर्तुगीजांनी फोंड्याच्या किल्ल्यावर हल्ला केला तेव्हा महाराज स्वतः धावून गेले. त्याच महिन्यात मराठ्यांनी जुवे बेट घेतले. पोर्तुगीज व्हाइसरॉय कसाबसा जीव वाचवून परतला आणि त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड ठेवला, असे पोर्तुगीज साधनेच सांगतात. मग १६८४ साली शाहजादा शाहआलमची अवाढव्य फौज रामघाट उतरून खाली आली. कुडाळ, बांदे, वेंगुर्ले यांनी तिचा उपद्रव सोसला. परंतु दाणागोटा मिळेना, रोगराई पसरली, माणसे आणि जनावरे पटापट मेली आणि ती फौज अर्धमेली होऊन घाट चढून परत गेली. आपल्या गावांच्या नावांनिशी असलेला हा इतिहास आपल्यापैकी किती जणांनी मुलांना सांगितला आहे?

फितुरांचा प्रश्नही असाच आहे. चित्रपट पाहिल्यावर प्रत्येकजण फितुराचे आडनाव शोधू लागतो. गणोजी शिर्के हे येसूबाईंचे बंधू, शिवाजी महाराजांचे जावई आणि मोगलांच्या चाकरीत गेलेले सरदार. पण हेच गणोजी जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना बाहेर काढण्याच्या कामी आले, अशी परंपरा आहे. आणि त्यासाठी त्यांना आपले दाभोळचे वतन देऊ केले ते खंडो बल्लाळांनी, म्हणजे ज्यांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला त्या बाळाजी आवजींच्या पुत्राने. पित्याच्या मृत्यूचे दुःख गिळून स्वराज्यासाठी वतन सोडणारा हा माणूस कोणत्याही चित्रपटाच्या नायकाहून कमी नाही. आडनावांच्या याद्या करीत बसलो तर तो आपल्याला दिसणारच नाही.

आणि आता काकींच्या प्रश्नाकडे येतो. १ फेब्रुवारी १६८९ रोजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले. ११ मार्चला त्यांचा वध झाला. चित्रपट तेथे थांबतो. येसूबाईंचा इतिहास तेथे सुरू होतो. रायगडाला वेढा पडत होता. स्वतःचा पुत्र शाहू सहा-सात वर्षांचा होता. तरीही त्यांनी दीर राजाराम यांना मंचकावर बसविले, त्यांना गडाबाहेर पाठविले आणि स्वतः मुलासह गडावर राहिल्या. राजा आणि वारस एकाच जागी शत्रूच्या हाती सापडू नयेत, हा त्यामागचा विचार. नोव्हेंबरात रायगड पडला आणि त्या कैदेत गेल्या. बादशहाची छावणी जाईल तेथे फिरल्या. १७०७ साली औरंगजेब नगरजवळ मेला. शाहू सुटले, पण येसूबाईंना ओलीस म्हणून दिल्लीस नेण्यात आले. बाळाजी विश्वनाथ त्यांना घेऊन स्वदेशी परतले ते १७१९ साली. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे.

लेझीम खेळण्याच्या काही क्षणांवर आपण महिनाभर वाद घातला. या तीस वर्षांविषयी आपण किती बोललो? पती-पत्नीच्या निष्ठेची, राज्यासाठी स्वतःला मागे ठेवण्याची याहून थोर कथा कोणती असेल? ती गाण्यात किंवा नाचात मावणारी नाही, म्हणून ती सांगण्याचे काम आपल्याकडे येते.

समोर पाहा. पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी त्याचा पाया घातला. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत तो आहे. त्यात शिवराजेश्वराचे मंदिर आहे. ते राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १६९५ साली बांधले गेले असे सांगतात. तो काळ आठवा. छत्रपतींचा निर्घृण वध झालेला, राजधानी गेलेली, राणी आणि युवराज कैदेत, नवा राजा दूर जिंजीला वेढ्यात. अशा वेळी या खडकावर लोकांनी शिवरायांचे मंदिर उभारले आणि किल्ला लढता ठेवला. १६८९च्या बातमीवर आपल्या पूर्वजांनी दिलेली ही प्रतिक्रिया. त्यांनीही अश्रू ढाळलेच असतील, पण ते पुसून ते कामाला लागले.

म्हणून माझी विनंती साधी आहे. ज्या मुलांना आपण चित्रपट दाखविला त्यांना होडीत बसवून किल्ल्यात न्या आणि काय झाले ते सनावळीसह सांगा. आपल्या वाचनालयात बेंद्रे आणि कमल गोखले यांचे ग्रंथ आहेत काय, ते पाहा. नसतील तर मागवा. असतील तर धूळ झटकून वाचा.

मी ते वाचले आणि आठवड्याने काकींच्या ओटीवर बसून त्यांना सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. ‘‘तीस वर्सां...’’ एवढेच म्हणाल्या. मग नातीला हाक मारून म्हणाल्या, ‘‘गो, हय ये. ह्यां ऐक.’’ आणि मला ते पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले.