पुंगळीची साक्ष



अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे.  रिवाजाप्रमाणं अध्यक्षानं वर्षभरातल्या कामाचा आढावा घ्यायचा असतो. तो स्मरणिकेत छापला आहे, सवडीनं वाचा. मी आज काडतुसाच्या पुंगळीबद्दल बोलणार आहे. बरीच वर्षं बोलायचं राहिलं होतं, आणि अध्यक्षाला वेळ संपल्याची चिठ्ठी कुणी पाठवत नाही.

आपले शस्त्रपरीक्षणाचे अहवाल काढून बघा. गोळीवर दीड पान: वजन, व्यास, खाचा किती, पीळ डावा की उजवा. पुंगळीच्या वाट्याला एक ओळ. ‘रिकामी पुंगळी, बुडावर के. एफ. ७.६५ असा छाप, त्याच बोअरच्या शस्त्रातून झाडलेली.’ संपलं! अहो, छाप कारखान्यानं मारलेला असतो. पुंगळी खडकीला जन्मली, एवढंच तो सांगतो. पुढं तिच्यात कुणी काय भरलं, हे त्या छापाला कुठून कळणार?

अमेरिकेत घरी काडतुसं भरणं हा राजरोस छंद आहे. काडतुसात सगळ्यांत महाग पुंगळीच, मग एकदा झाडून फेकायची कशाला, असा सरळ हिशेब. बुडातली जुनी टोपी, म्हणजे प्रायमर, काढायची, झाडताना फुगलेलं पितळ डायमधून दाबून मापात आणायचं, मग नवी टोपी, दारू, गोळी. आपल्याकडं १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. त्यामुळं हा विषय आपला नव्हेच, अशी आपण समजूत करून घेतली आहे. कायद्यानं मनाई आहे म्हणून एखादी गोष्ट होत नाही, असं मानणाऱ्यांनी आपल्या व्यवसायात कशाला यावं?

सकाळच्या सत्रात दोन तरुण सहकारी बुडावरच्या छापावरून हमरीतुमरीवर आले. छाप हा बोअरचा पुरावा धरायचा की नाही? माझ्यापुरता हा वाद टेक्सासात मिटला. भाचा तिथं राहतो. त्याच्या शेजारचे आजोबा निवृत्त मेकॅनिक, गॅरेजात काडतुसं भरणारे. त्यांनी माझ्या तळहातावर एक पुंगळी ठेवली आणि म्हणाले, ओळखा. बुडावर छाप १० मिमी ऑटोचा. मी सवयीनं कॅलिपर मागितला. या काडतुसाची पुंगळी २५.२ मिमी लांब असते, ही भरली २१.६. आजोबांनी ती कापून .४० एस अँड डब्ल्यूची केली होती. १९९०चं हे काडतूस म्हणजे १० मिमीचं आखूड भावंडच. पण एक खूण त्यांना लपवता येईना. कारखान्यातल्या .४०ला लहान टोपी बसते, १० मिमीला मोठी. इथं अंग आखूड आणि टोपी मोठी! मी ओळखलं, तेव्हा आजोबांनी आणखी एक काढली. .४०ची मान आवळून केलेली .३५७ सिगची. खऱ्या सिगची पुंगळी सुमारे ०.४ मिमीनं लांब असते, म्हणून हिची मान तोकडी. ९ बाय १९ची पुंगळी कापून माकारोव्हसाठी वापरणारेही आहेत. छाप एक सांगतो, नळी दुसरी असते. कॅलिपर न लावता बोअर लिहिणाऱ्याला मी सहीचा अधिकार देणार नाही.

दुसरा वाद यंत्राचा. त्रिमितीय प्रतिमा घेणारं यंत्र आलं की सूक्ष्मदर्शक अडगळीत टाकायचा का? आमच्याकडं एका खुनाच्या खटल्यातली पुंगळी आली होती. यंत्राचा निकाल संदिग्ध. प्रयोगशाळेत प्रत्येकाचं मत निराळं. मी ती तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली धरली, दिवा तिरका केला. टोपीवर जप्त पिस्तुलाच्या ब्रीचच्या रेघा लख्ख. टोपीभोवतीच्या पितळी कड्यावर मात्र वेगळ्याच, आडव्या जाणाऱ्या. काठावर एक्स्ट्रॅक्टरचे दोन ओरखडे, एकमेकांपासून लांब. नुसते ओरखडे दोन असले तर मी गप्प बसलो असतो; काडतूस हातानं चढवून उतरवलं तरी तसं होतं. पण अंगावर डायच्या उभ्या रेघाही होत्या. टोपी नवी, पितळ जुनं. ही पुंगळी दोन शस्त्रांतून झाडली गेली होती, आणि मधे कुणीतरी ती भरली होती.

मी हे अहवालात लिहिलं. वरिष्ठांनी तो परिच्छेद खोडला. म्हणाले, कोर्टाला गोंधळात टाकू नका. आरोपीला शिक्षा झाली, ती योग्यच होती. पण काडतूस भरणारा कोण, हे कुणी विचारलंच नाही. तो कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये पुढची पुंगळी डायखाली घालत बसला असेल. माझा राग आहे तो यावर.

१९२९च्या शिकागो हत्याकांडानंतर शस्त्रतज्ज्ञ कॅल्व्हिन गोडार्डपुढं ७० पुंगळ्या आल्या. दोन टॉमी गन वापरल्या गेल्या, हे त्यानं त्यांच्यावरून सांगितलं. आपण गोडार्डचा फोटो भिंतीवर लावतो आणि पुंगळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत खुळखुळत आणतो.

जाता जाता पितळेचं एक. इंग्रजी अमलात पावसाळ्यात तबेल्याशेजारी ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे कारण १९२१मध्ये सिद्ध झालं. मानेची चीर दिसली की आपण ‘दारू जास्त भरली’ असं लिहून मोकळे होतो. पितळ जुनं असेल, पुन्हा पुन्हा दाबून कडक झालं असेल, नाहीतर साठवण वाईट असेल. आपल्या मुद्देमालाच्या खोल्यांना कसला वास येतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

कामं काय, असं विचाराल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३)नं सात वर्षं वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत आपल्याला घटनास्थळी जायला लावलं आहे. तेव्हा पुंगळी उचलण्याची पद्धत आपणच ठरवू. भरलेल्या, कापलेल्या पुंगळ्यांचा एक नमुनासंग्रह व्हायला हवा. कुठं, कुणाच्या खर्चानं, ते कार्यकारिणीनं बघावं. प्रशिक्षणाचंही काहीतरी करू.

तोवर एवढं करा. प्रत्येक पुंगळी वेगळ्या पाकिटात घ्या, लांबी मोजा, टोपी आणि कडं वेगवेगळं तपासा, आणि अहवालात तिला स्वतंत्र परिच्छेद द्या. कुणी खोडला, तर खोडणाऱ्याची सही घेऊन ठेवा.