निरोप आणि निरोप्या

निरोप पोंचविणें हें आपल्याकडे पूर्वापार जबाबदारीचें काम मानलें गेलें आहे. परगांवाहून एखादा मनुष्य सुखाची किंवा दुःखाची वार्ता घेऊन आला, म्हणजे घरांतील वडील माणूस त्याला आधीं पाणी देई आणि मग दोन प्रश्न विचारी : हें तुला कोणीं सांगितलें, आणि तूं स्वतः काय पाहिलेंस? उत्तर समाधानकारक नसलें तर ती वार्ता ओसरीवरच थांबे. निरोप्याला नांव होतें, गांव होतें, आणि त्याची पत त्याच्या शब्दाशीं बांधलेली होती. गेल्या तीस वर्षांत निरोपाचें वाहन बदललें. त्याबरोबर ते दोन प्रश्नहि मागें पडले कीं काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

भारतांत भ्रमणध्वनीवरील सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजीं झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं पहिलें संभाषण केलें. त्या काळीं हें यंत्र श्रीमंतांच्या खिशांतलें होतें; बोलणाराला पैसे पडतच, पण आलेला फोन घेणारालाहि आकार भरावा लागे. सन २००३ मध्यें येणारे फोन विनामूल्य झाले आणि हळूहळू दूधवाला, रिक्षावाला, शेतमजूर यांच्याहि हातीं मोबाईल आला. एक घंटी वाजवून ठेवून द्यावयाची आणि एक पैहि न खर्चतां खुशाली कळवावयाची, ही 'मिस्ड कॉल'ची युक्ति लोकांनीं आपल्याच हुशारीनें रूढ केली. पुढें सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेटचे दर कोसळले, आणि जें साधन मुख्यतः बोलण्याचें होतें तें पाहण्याचें व दाखविण्याचें झालें.

या बदलाचा खरा लाभ उठविला तो व्हॉट्सॲपनें. कॅलिफोर्नियांत २००९ सालीं निघालेल्या या सोयीचे भारतांतील वापरणारे २०१७ च्या प्रारंभीं २० कोटींवर गेले होते. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. वर्तमानपत्राला संपादक असतो, नभोवाणीला संचालक असतो. येथें कोणीच नाहीं. एप्रिल २०१६ पासून येथील निरोप धाडणारा आणि घेणारा यांच्यामध्यें जणूं कुलुपबंद होऊन जातो; कंपनीलाहि तो वाचतां येत नाहीं. खाजगीपणाच्या दृष्टीनें ही गोष्ट फार मोलाची आहे. परंतु तिची दुसरी बाजू अशी कीं, खोटा निरोप वाटेंत अडविणारें कोणी उरत नाहीं. शिवाय पुढें धाडलेल्या निरोपावर मूळ लिहिणाराचें नांव राहत नाहीं. वर नांव दिसतें तें मामांचें, मावशीचें, शाळूसोबत्याचें. आणि त्या नात्यावरील विश्वास अनोळखी मजकुराला आपोआप लाभतो.

अफवेला मोबाईलनेंच जन्म दिला असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितो अशी वार्ता दिल्लींत उठली आणि त्याच दिवशीं देशभर व परदेशांतील मंदिरांतहि पोंचली. त्या वेळीं मोबाईल जेमतेम दोन महिन्यांचा होता. पृष्ठताण व केशाकर्षण यांमुळें दूध चमच्यांतून ओढलें जाऊन मूर्तीवरून ओघळतें, हें शास्त्रज्ञांनीं रंगीत दुधाचा प्रयोग करून दाखविलें. त्या दिवशीं नुकसान झालें तें मुख्यतः दुधाचें. अफवेचा विषय जेव्हां घरच्या मुलाबाळांचा जीव हा असतो, तेव्हां नुकसान तेवढ्यावर थांबत नाहीं.

रविवार, १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. मुलें पळविणारी टोळी हिंडत असल्याचे निरोप त्यापूर्वीं कांहीं दिवस त्या भागांतील मोबाईलवर फिरत होते. बाजारांत आलेल्या पांच परक्या माणसांपैकीं एक जण एका लहान मुलीशीं बोलतांना दिसला, एवढें कारण पुरलें. जमावानें त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेऊन पुन्हां मारलें, आणि पांचहि जणांचा अंत झाला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें तालुक्याचे. भिक्षा मागत गांवोगांव हिंडणें हा त्यांचा पिढीजात निर्वाहमार्ग. ज्यांच्या झोळींत महाराष्ट्रांतील घरांनीं पिढ्यान् पिढ्या पसाभर दाणे घातले, तेच एका दुपारीं चोर ठरले. त्याच रात्रीं मालेगांवांत एका लहान मुलासह पांच जणांना जमावाच्या तावडींतून पोलिसांनीं सोडविलें, म्हणून तेथील अनर्थ टळला.

त्या वर्षीं देशांत फिरलेली एक चित्रफीत या संदर्भांत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असें तींत दिसे. वास्तविक ती कराचींतील एका बालरक्षक संस्थेनें लोकजागृतीसाठीं तयार केली होती. मूळ फितींत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला खालीं ठेवतात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. कोणीं तरी हा शेवटचा भाग कापून टाकला. उरलें तें दृश्य डोळ्यांनीं पाहिलेला पुरावा म्हणून घरोघर गेलें.

तें पुढें धाडणारांपैकीं बहुतेकांच्या मनांत दुष्टावा नव्हता, ही या प्रकरणांतील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट आहे. खोटें असलें तर बिघडलें काय, पण खरें असलें तर शेजारच्या मुलाचा जीव वांचेल, असा हिशेब करून आई दुसऱ्या आईला कळविते. हिशेब प्रेमळ आहे, पण अपुरा आहे. खोट्या सूचनेची किंमत कांहींच नाहीं असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. ती किंमत असतेच. फक्त धाडणाराला ती भरावी लागत नाहीं. ती वेशीवर उभा असलेला अनोळखी मनुष्य भरतो.

जुलै २०१८ मध्यें कंपनीनें कांहीं उपाय योजले. पुढें धाडलेल्या निरोपावर तशी खूण येऊं लागली. भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं निरोप धाडतां येणार नाहीं, अशी मर्यादा पडली. जानेवारी २०१९ मध्यें ती जगभर लागू झाली. परंतु पांच हा आंकडा लहान वाटला तरी गणित निराळें सांगतें. एकानें पांचांस, त्या प्रत्येकानें पुन्हां पांचांस धाडलें, तर सातव्या पायरीवर ७८,१२५ जण होतात; आणि यांतील एकेक ठिकाण म्हणजे शेंकडों माणसांचा गट असूं शकतो. म्हणून एप्रिल २०२० मध्यें, आधींच वारंवार फिरलेला निरोप एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येईल, असा नियम झाला. अशा निरोपावर दोन बाणांची खूण असते. तिचा अर्थ 'हें सर्वांना माहीत आहे' असा नव्हे. 'याचा मूळ सांगणारा फार मागें राहिला आहे' असा घ्यावयाचा असतो.

यंत्राचा उपाय येथें संपतो आणि घराचा सुरू होतो. घरच्या गटांत काकांनीं धाडलेल्या मजकुराला पुतण्यानें सर्वांदेखत खोटें म्हणणें मराठी कुटुंबांत रुचत नाहीं, आणि म्हणून पुष्कळदां सारेच गप्प बसतात. त्याला मार्ग आहे. "काका, हें आपल्याकडे कोणाकडून आलें?" असें एकांतांत, आदरानें विचारावें. मजकूर खोटा ठरला तर तो नुसता पुसून टाकणें पुरेसें नाहीं, कारण तोंवर तो पुढें गेलेला असतो. दुरुस्तीहि त्याच वाटेनें गेली पाहिजे. काकांनींच जर "ती बातमी खरी नव्हती" असें गटांत लिहिलें, तर त्यांचा मान कमी होत नाहीं. घरांतील लहानांना एक वळण लागतें.

हें वळण आतां अधिकच अगत्याचें झालें आहे. यंत्रें थोड्याशा नमुन्यावरून ओळखीच्या माणसाचा आवाज आणि चेहरा उठवूं लागलीं आहेत. मुलाच्याच आवाजांत "अपघात झाला, ताबडतोब पैसे पाठवा" असा फोन आला, तर आईबापांनीं तो ठेवून मुलाच्या नेहमींच्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा. कानांनीं ऐकलें आणि डोळ्यांनीं पाहिलें, एवढ्यावर यापुढें भागणार नाहीं. कोणाकडून आलें, हें पाहावें लागेल.

परक्या मनुष्याविषयीं वाईट सांगणारा निरोप हातीं आला, तर श्रोत्यांनीं तो रात्रभर आपल्याजवळच ठेवावा. मुलाच्या जिवाला खरोखरच धोका वाटत असेल, तर ती गोष्ट पोलीस ठाण्यावर कळवावी. सकाळीं ओसरीवरचे ते दोन प्रश्न त्या निरोपाला विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास तो तेथेंच थांबवावा.