लाल खड्यातली पांढरी रेघ

नदीच्या वाळूत विटकरी लाल खडा दिसला आणि त्यातून पांढरी रेघ गेलेली असली, की तो खिशात घालण्याचा मोह होतोच. असा खडा पुष्कळदा जास्परचा असतो. पण खात्री कशी करायची?

प्रथम तो उजेडासमोर धरा. पातळ कडेतून उजेड झिरपला, तर तो अकीकाच्या जातीचा; जास्परमधून उजेड जात नाही. मग चाकूचे टोक ओढून पाहा. विटेचा तुकडा असेल तर लाल भुकटी निघेल. जास्परवर ओरखडा उठत नाही; उलट तोच काचेवर ओरखडा काढतो. आता पांढरी रेघ. तिच्यावरही चाकू चालला नाही, तर ती गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ. सहज खरवडली गेली, तर बहुधा कॅल्साइट.

गंमत अशी, की जास्पर आणि गारगोटी दोन्ही मुळात सिलिकाच. जास्परमध्ये तिचे कण अतिसूक्ष्म असतात आणि लोहाच्या ऑक्साइडमुळे रंग लाल होतो. असा दगड पुढे कधीतरी तडकतो. भेगेत सिलिका विरघळलेले पाणी शिरते आणि गारगोटीचे स्फटिक वाढून भेग सांधली जाते. म्हणजे रेघ दगडापेक्षा वयाने लहान! दोन रेघा एकमेकींना छेदत असतील, तर कापणारी नंतरची, कापली गेलेली आधीची.

आपल्याला शोभेची वाटणारी ही रेघ आदिमानवाला मात्र अडचणीची होती. जास्पर काचेसारखा फुटतो, धारदार कपचे देतो. मध्येच रेघ आली, की घाव भलतीकडे वळतो. प्रवरेकाठी नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथल्या नदीच्या जुन्या थरांत चर्ट, जास्पर अशा दगडांची मध्य पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली. त्या हत्यारांच्या परंपरेला सांकलियांनी नेवाशाचेच नाव दिले.

म्हणून एक विनंती. वाळूतला गुळगुळीत खडा मुलांना खुशाल दाखवा. पण काठाच्या थरात रुतलेला, कडा मुद्दाम घडवल्यासारखा दगड दिसला, तर तो उपटू नका. जागेचा फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. थरातून निघालेले हत्यार आपले वय सांगू शकत नाही. मग तोही नुसता एक लाल खडाच उरतो.