शेपटाकडची मंडळी



आमच्या भागात राजकारणावर बोलायला कोणाला आग्रह करावा लागत नाही. बारामतीच्या एस. टी. स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट पाहत बसा. शेजारी कोण गृहस्थ बसले आहेत हे कळायच्या आत दिल्लीचे मंत्रिमंडळ बदलून होते. मुंबईचे राहिलेच, तर गाडीत जागा मिळाल्यावर लासुर्णे येईपर्यंत तेही उरकते. कंडक्टरसुद्धा तिकीट फाडता फाडता दोन खाती वाटून जातो.

ही गोडी उगाच लागलेली नाही. 1967 साली शरद पवार बारामतीतून पहिल्यांदा विधानसभेवर निवडून गेले. पुढे ते राज्याचे मुख्यमंत्री झाले, देशाचे संरक्षणमंत्री आणि कृषिमंत्री झाले. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत तर सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, म्हणजे नात्याने नणंद-भावजय, समोरासमोर उभ्या राहिल्या आणि साऱ्या देशाचे लक्ष आमच्या चावडीकडे लागले. त्या दिवसांत घरी पाव्हणा आला, की पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी ‘तुमच्याकडं काय वारं आहे?’ असे विचारीत.

या गप्पांना माझी ना नाही. मी स्वतः त्यात हिरिरीने भाग घेतो. पण तुम्हांला एक विचारतो. तुमच्या चारीला गेल्या आवर्तनात पाणी किती दिवस आले, आणि ते कोणी ठरवले? या प्रश्नावर मघाचे गृहस्थ एकदम गप्प होतात आणि गाडी आली का ते पाहू लागतात.

आपला नीरा डावा कालवा इंग्रजी अमदानीतला. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षांत तो झाला. भाटघर धरणाचे पाणी नीरा नदीने वीरला येते. तिथून निघालेला कालवा पुरंदर तालुक्यातून बारामतीत शिरतो आणि इंदापूर तालुक्यात जाऊन संपतो. वरच्या अंगाला राहणारा तो मुखाकडचा, खालच्या अंगाचा तो शेपटाकडचा. मुखाकडच्याला पाणी डोळ्यांपुढून जाताना दिसते. शेपटाकडच्याला ते यायचे आहे, एवढेच ऐकू येते. इंदापूरकरांचे नशीब तर और. उत्तरेला 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने गावे आणि जमिनी पोटात घेतल्या. पळसदेवचे जुने देऊळ अजून उन्हाळ्यात पाणी उतरले, की वर डोके काढते. म्हणजे एकाच तालुक्यात कोणाचे घर पाण्याने गेले आणि कोणाचे पीक पाण्यावाचून!

बारामती शहरातल्या मंडळींना वाटते, ही शेतकऱ्यांची भांडणे आहेत. शहरात रस्ते रुंद झाले, बागा झाल्या, शिकायला दूरदूरची मुले येतात, आनंद आहे. पण शहराच्या नळाचे पाणीसुद्धा याच कालव्यातून साठवण तलावात येते. कालवा बंद असला आणि तलाव खाली गेला, की तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडालाही शेपटाकडचा माणूस म्हणजे काय, ते चांगले उमगते.

आता गंमत ऐका. शेजपाळीचा नियम सांगतो, की चारीवर पाणी शेवटाकडून देत देत वर यावे. 2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना अधिकार दिला आणि त्यांच्या संचालकांत मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे, अशा तिन्ही भागांना जागा ठेवली. म्हणजे कायद्याने शेपटाकडच्या माणसासाठी खुर्ची मांडून ठेवली आहे. फक्त तिच्यावर बसायला सभेला यावे लागते.

ग्रामसभेचेही तेच. गणपूर्तीला शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. ती जमली नाहीत, तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अट उरत नाही. मग पाच-सात जण बसतात, वही फिरते, ठराव होतात. ते पाच-सात जण वाईटच असतात असे मुळीच नाही. पण गावाचे मत म्हणून लिहिले जाते ते त्यांचे मत. बाकीचे गाव त्या वेळी पारावर बसून दिल्ली चालवीत असते.

दिल्लीला आपण पाच वर्षांतून एकदा मत देतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा आपले मत विचारते, आणि आपण म्हणतो, ‘तिथं काय राजकारण असतं, आपल्याला नको.’

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. भाटघरपासून इंदापूरपर्यंतचा कालवा एकदा फळ्यावर काढा आणि आपले गाव त्यावर कुठे आहे, ते मुलांना दाखवायला सांगा. मूल घरी जाऊन बापाला विचारील, ‘आपण मुखाकडचे की शेपटाकडचे?’ बापाला उत्तर द्यावेच लागेल.

आणि शेतकरी मंडळींनो, पुढच्या सभेची नोटीस लागली, की त्या दिवशीचे दारे धरायचे काम शेजाऱ्याशी बोलून ठेवा. सभेला जाताना पाणीपट्टीची पावती खिशात असू द्या. पावती असली, म्हणजे बोलताना आवाज आपोआप खणखणीत निघतो.