यंत्र आणि लिनक्स : पत्रिका जुळते काय?

तारीख १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' ह्या कार्यप्रणालीचें नियमित पाठबळ काढून घेतलें. तिच्या पुढची 'विंडोज ११' ही प्रणाली नव्या जातीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-चिप मागते. त्यामुळें धडधाकट असे पुष्कळ संगणक एकाएकीं टाकाऊ गणले जाऊं लागले. असें यंत्र भंगारांत घालण्यापूर्वीं त्यावर लिनक्स चालेल काय, हा प्रश्न शाळांना, वाचनालयांना आणि बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांना सहजच पडतो. उत्तर बहुधा होकारार्थी असतें. परंतु तें गृहीत न धरतां पडताळून पाहावें, हेंच शहाणपणाचें.

कार्यप्रणाली आणि यंत्राचे अवयव यांच्यामध्यें 'ड्रायव्हर' नांवाचा एक दुभाषी असतो. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सची घोषणा केली, तेव्हां ती ३८६ जातीच्या यंत्रापुरतीच होती. एका विशिष्ट जातीच्या हार्ड डिस्कखेरीज इतर डिस्का तिच्यावर बहुधा कधींच चालणार नाहींत, असेंही त्यांनीं सांगून टाकलें होतें. पुढें जगभरच्या हजारों हातांनीं असे दुभाषे लिहिले आणि ते लिनक्सच्या गाभ्यांतच सामावले. मात्र जेथें कारखानदारानें आपल्या चिपची माहिती गुप्त ठेविली, तेथें काम अडलें. एन्व्हिडिया कंपनीवर टोरवाल्ड्स यांनीं २०१२ सालीं ह्याच कारणास्तव जाहीर कडक टीका केली; त्या कंपनीनें आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशीं निगडित भाग खुला केला तो २०२२ सालीं.

पडताळणींत पहिली चूक होते ती खोक्यावरील नांवावर विसंबल्यानें. एकाच नांवाच्या वाय-फाय डोंगलच्या दोन आवृत्त्यांत दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या चिपा असूं शकतात. खरी ओळख पटते ती क्रमांकानें. प्रत्येक भागास चार-चार अंकाक्षरांचे दोन क्रमांक असतात : पहिला कारखान्याचा, दुसरा वस्तूचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ हा आहे. विंडोजमध्यें 'डिव्हाइस मॅनेजर'च्या तपशिलांत हे क्रमांक दिसतात. लिनक्समध्यें 'एलएसपीसीआय' व 'एलएसयूएसबी' ह्या आज्ञांनीं ते कळतात. ते हातीं आले म्हणजे त्या चिपेस ड्रायव्हर आहे कीं नाहीं, ह्याचा शोध घेणें सोपें जातें.

दुसरी कसोटी प्रत्यक्ष प्रयोगाची. पेन-ड्राइव्हवरून लिनक्स 'लाइव्ह' पद्धतीनें सुरू करतां येतें. स्थापनेची आज्ञा दिली नाहीं, तर हार्ड डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा राहतो. अशा वेळीं केवळ पडदा उजळला म्हणून समाधान मानूं नये. वाय-फाय जोडून पाहावें, ध्वनि ऐकावा, कॅमेरा व प्रिंटर तपासावा, आणि यंत्र झोपवून पुन्हां जागें होतें काय, हें अवश्य पाहावें. अंगठ्याचा ठसा वाचणाऱ्या पट्टीची परीक्षा तर मुद्दाम घ्यावी. तिच्यासाठीं ड्रायव्हर नसणें ही नेहमीची अडचण आहे.

जुनें तें सारें लिनक्सवर चालतें, हाही एक भ्रमच होय. ज्या ३८६ यंत्रावर लिनक्स जन्मास आलें, त्याचाच आधार २०१३ सालच्या ३.८ ह्या आवृत्तींत गाभ्यांतून काढून टाकण्यांत आला.

नवीन यंत्र घेणारानें हीच चौकशी पैसे मोजण्यापूर्वीं करावी. विकत घेतलेल्या वस्तूच्या पोटांत काय आहे, हें विचारण्याचा ग्राहकास हक्क आहे. आणि ग्राहक विचारूं लागले, म्हणजेच कारखानदारासही सांगण्याची गरज भासूं लागते.