मेघांवर हुकूमत

आकाशाला आज्ञा करावी आणि त्याने ती मुकाट्याने पाळावी, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. पावसाने ओढ दिली म्हणजे आपल्या खेड्यांतून धोंडी निघते. कडुनिंबाचा पाला अंगाभोवती बांधलेले पोर घरोघर जाते आणि घरची बाई त्याच्या मस्तकावर तांब्याभर पाणी ओतते. ही आज्ञा नव्हे, याचना होय. आधुनिक कथाकारांनी मात्र याचनेच्या जागी आज्ञा आणली. रॅचेल केन या अमेरिकन लेखिकेची ‘इल विंड’ ही कादंबरी 2003 साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका जोअॅन बाल्डविन ही आजच्या जगात मोटार हाकीत हिंडणारी तरुणी. परंतु वारा आणि वादळ यांना ती वळण लावू शकते.

अशी नायिका अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला आली, तर ती काय करील? हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. येथे तो साधारणतः चार-पाचशे मिलिमीटर. तेव्हा घाटमाथ्यावरचे चार ढग इकडे ओढून आणावेत, असेच तिला वाटेल. पण त्या ढगांची वाट दुसऱ्या गावचा शेतकरीही पाहत असेल, त्याचे काय? शिवाय उघड्याबोडक्या टेकड्यांवर मुसळधार पाऊस कोसळला, तर घटकाभरात तो माती घेऊन ओढ्याने निघून जाईल. आज्ञा पाळली जाईल, आणि विहीर कोरडीच राहील.

विज्ञानाने या बाबतीत काही पावले टाकली आहेत, हे खरे. 1946 साली अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून ढगात शुष्क बर्फ टाकून हिमकण निर्माण केले. त्याच वर्षी बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइडचा तसाच गुण आढळला. महाराष्ट्र शासनानेही 2003, 2015 व 2019 या वर्षी कृत्रिम पर्जन्याचे प्रयोग केले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 व 2019 मध्ये सोलापूर भागात केलेल्या प्रयोगांत मर्यादित क्षेत्रावर सुमारे 18 टक्के अधिक पाऊस झाल्याचे अनुमान निघाले. परंतु या विद्येला मुळात योग्य ढग लागतो. निरभ्र आकाशातून ती थेंबही काढू शकत नाही. आणि दुष्काळात उणीव असते ती नेमकी ढगांचीच.

राळेगणसिद्धीने निराळा मार्ग धरला. सैन्यातून परतलेले किसन बाबूराव तथा अण्णा हजारे 1975 साली गावात स्थायिक झाले. गावचा पाझर तलाव पाणी धरीत नव्हता. ग्रामस्थांनी श्रमदान करून तो दुरुस्त केला, आणि त्याच्या खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. पुढे टेकड्यांवर समतल चर खणले गेले, नाल्यांना बांध पडले, झाडे लागली. मोकाट चराई व वृक्षतोड यांवर बंदी आली, आणि उसासारखी फार पाणी पिणारी पिके वर्ज्य ठरली. यातील शेवटचा नियम सर्वांत कठीण होय. चर एकदा खणला की झाले. पण विहिरीत पाणी दिसत असताना ऊस न लावणे, हा निग्रह दरसाल नव्याने करावा लागतो. पर्जन्यमान पूर्वीचेच राहिले; बदलली ती त्या पावसाला गावाने दिलेली वागणूक. अर्थात मुळात पाऊसच आला नाही, तर बांधही रिताच राहणार. हंडा डोक्यावर घेऊन मैलोगणती चालणे आपल्याकडे बहुधा स्त्रीच्याच वाट्याला येते. म्हणून विहिरीला पाणी राहिले, की पहिला विसावा तिलाच मिळतो.

कथेतील नायिकेला असामान्य शक्ती लागते. गावाला लागते ते एकमत, आणि ते मोडण्याचा मोह प्रत्येक सुकाळात होतो. शहरवासीयांनी मात्र ही गोष्ट दूरच्या खेड्याची म्हणून ऐकू नये. पावसाळ्यात सह्याद्रीवर पडलेला पाऊस पानशेत, वरसगाव, टेमघर व खडकवासला येथील धरणांत साठतो, आणि ऐन वैशाखात पुण्याची गृहिणी तोटी फिरवून तो स्वयंपाकघरात उतरविते. कादंबरीतल्या नायिकेला याहून अधिक काय साधते? परंतु याच पाण्याकडे दौंड व इंदापूर भागातील शेते डोळे लावून असतात. ढग कोणाचा, हा प्रश्न नळापाशीही सुटत नाही. तो तेथे केवळ दिसेनासा होतो. राळेगणसिद्धीने विहिरीच्या काठी जो निग्रह केला, तो तोटीपाशी करावयास शहराला कोणत्याही मंत्रशक्तीची आवश्यकता नाही.